पेशंटला मोकळं कधी करायचं?
खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट सहकाऱ्यांना खुलं पत्र

सहकारी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये आपले व्हॉट्सॲप ग्रुप नुसते पेटले होते. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र आलं आणि लगोलग ते मागेही घेतलं गेलं. त्या पत्रावर आपण सगळे तुटून पडलो. त्याला माझी हरकत नाही. शिकलो आहोत, तर त्याचा मान मिळायला हवा. पण कट, म्हणजे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला कमिशन, द्यायचा की नाही, पेशंटला किती दिवस बोलवायचं, पॅकेजचे पैसे आगाऊ घ्यायचे का, यावर त्याच ग्रुपवर चार ओळींची चर्चा झालेली मी कधी पाहिली नाही. खाजगीत मात्र प्रत्येक जण बोलतो. कॉन्फरन्सला जेवणाच्या रांगेत बोलतो, रात्री क्लिनिकचं शटर ओढल्यावर फोनवर बोलतो. ते उघडपणे बोललं जावं म्हणून हे पत्र.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक कंबर, मान, गुडघा घेऊन येतात. काही अर्धांगाचे, काही अपघातानंतरचे, आणि पोलीस भरतीचा मोसम आला की पायाला पट्ट्या बांधलेली पोरं. तुमच्यापैकी अनेकांची ओपीडी अशीच असणार.

आपल्या धंद्यातली खरी अडचण एकच आहे आणि बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघतात, असं मला वाटतं. सर्जनने ऑपरेशन केलं की त्याचं मुख्य काम झालं आणि बिलही झालं. आपल्याला पैसे मिळतात ते सेशनचे. पेशंटने किती दिवस यायचं हे आपण ठरवतो आणि त्या प्रत्येक दिवसाची फीही आपणच घेतो. तो आपल्याशिवाय चालू लागला, स्वतःचं स्वतः करू लागला की आपलं काम साधलं, आणि त्याच दिवशी आपली मिळकत थांबली. शिक्षण आपल्याला एका दिशेने नेतं, महिनाअखेरचा हिशोब दुसऱ्या.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. आपला पेशा या देशात उभा राहिला तो सार्वजनिक रुग्णालयांत. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांचं, शिक्षण सुरू केलं. १९५५ साली हाजी अलीची पुनर्वसन संस्था निघाली. तिथल्या थेरपिस्टला पगार असे. पोलिओचं एखादं मूल पायाला आधाराचा कॅलिपर चढवून चालायला लागलं आणि घरी गेलं, म्हणून पगारातला एक रुपया कमी होत नव्हता. उलट बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या मुलाला जागा मिळत होती. आज आपल्यातले बरेच जण भाड्याच्या गाळ्यात आहेत. मशीनचे हप्ते आहेत, रिसेप्शनवरच्या मुलीचा पगार आहे. पेशंट बरा होऊन गेला की आनंद होतो, आणि त्याच संध्याकाळी उद्याच्या अपॉइंटमेंटच्या वहीतली रिकामी ओळही दिसते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजिरवाणं एवढंच की ती रिकामी ओळ आपण कशी भरून काढतो यावर आपण एकमेकांना कधी प्रश्न विचारत नाही.

मशीनचंच घ्या. पेशंट आत येतानाच म्हणतो, ‘शेक घ्यायला आलोय’ किंवा ‘डॉक्टरांनी करंट लावायला सांगितलंय.’ चार कॉट, मध्ये पडदे, चौघांच्या कमरेला आयएफटीचे, म्हणजे सौम्य करंट देणाऱ्या मशीनचे, पॅड. पंधरा मिनिटांनी मशीन वाजतं, असिस्टंट पोरगा पॅड काढतो, पुढच्याला लावतो. साध्या कंबरदुखीला अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी असले मशीनचे उपचार देऊ नका, असं उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८मध्ये कंबरदुखीवर लेखमाला छापली, तिचाही भर हालतं राहणं, व्यायाम आणि नीट समजावून सांगणं यावरच होता. हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. पण व्यायाम शिकवायचा तर एका माणसापाशी अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं. त्याला काम काय करतो ते विचारावं लागतं, वाकतो कसा ते बघावं लागतं, भीती काढावी लागते. तेवढ्याच वेळात मशीनवर चौघं होतात. शिवाय नुसता व्यायाम शिकवला, तर बाहेर जाऊन तो सांगतो, ‘काहीच केलं नाही हो, नुसते हातपाय हलवायला लावले आणि पैसे घेतले.’ मग तो चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथे त्याला दहा दिवस करंट मिळतो, आणि दहा दिवसांत कंबर आपली आपणच बरी झालेली असते.

मशीनला हात लावू नका, असं मी म्हणत नाही. दुखणं फार असेल, तर दोन-तीन दिवस शेक देऊन थोडं हलकं वाटत असेल तर द्यावा, आणि ‘याने तेवढ्यापुरतं बरं वाटेल, खरं काम व्यायामाचं आहे’ हे त्याच तोंडाने सांगावं. पण दहा दिवस फक्त करंट लावायचा, तोही असिस्टंटकडून, आणि पावतीवर ‘फिजिओथेरपी’ लिहायचं, ही फसवणूक आहे. पेशंटनेच मागितलं होतं, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. ऊसतोडीला जाणारी बाई हंगामाच्या तोंडावर एकदाच येते. मुकादमाची उचल घेतलेली असते, परत यायला तिला सवड नसते. त्या एका भेटीत मी तिला मोळी उचलताना पाय कुठे ठेवायचे आणि रात्री कोपीत आडवं होऊन काय करायचं, एवढंच शिकवू शकते. ते शिकवण्याऐवजी तिला पंधरा मिनिटं पॅड लावून परत पाठवणं मला अपराधासारखं वाटतं.

आता अर्धांगाच्या पेशंटबद्दल. इथे थोडं थांबून लिहिते, कारण आपला सगळ्यात मोठा पेच इथेच आहे.

साठी ओलांडलेले एक शेतकरी, उजवी बाजू गेलेली. मी घरी जाऊन ट्रीटमेंट देत होते. तीन महिन्यांत ते काठी घेऊन अंगणापर्यंत आले. हात खांद्यातून थोडा उचलायचे, बोटं मात्र मुठीतच. सहा महिने होत आले तरी बोटांत उघडण्याची हालचाल नव्हती. तुम्हाला माहीतच आहे, सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बोटं अजिबात उघडली नाहीत तर पुढे हाताने कामं करता येण्याची आशा कमी. पुढेही सुधारणा होते, पण सावकाश, आणि रोज थेरपिस्ट घरी येऊन हात हलवून गेल्याने ती होत नाही. मुलगा रोजच्या व्हिजिटचे पैसे देत होता. पिकाचे पैसे त्यातच चालले होते. प्रत्येक वेळी निघताना म्हातारी विचारायची, ‘बाई, हात येईल न्हवं?’

या प्रश्नाला ‘येईल की, धीर धरा’ म्हणणं फार सोपं आहे. त्याने म्हातारीला बरं वाटतं, उद्याची व्हिजिटही पक्की होते. ‘येणार नाही’ म्हणणंही तितकंच चूक, कारण तेवढं खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, आणि ते ऐकून घर हातपाय गाळतं. मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की हाताकडून आता मोठी अपेक्षा ठेवू नका, चालणं मात्र अजून सुधारेल, आणि रोज मी यायची गरज नाही. मग पुढचे काही दिवस सुनेला शिकवण्यात घातले. मूठ उघडताना बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवायचं, मग अंगठा बाहेर घ्यायचा, की बोटं आपसूक सैल पडतात. तळवा धुऊन कोरडा करायचा, नखं कापायची. त्यांना उठवताना दुखऱ्या काखेत हात घालून उचलायचं नाही, खांदा निसटतो. लुळ्या बाजूला उभं राहून कमरेला धरायचं. चार-पाच दिवसांत ती हे सगळं सफाईने करू लागली. त्यानंतर मी पंधरा दिवसांतून एकदा जायला लागले. माझ्या महिन्याच्या कमाईत ते जाणवलं, जाणवणारच. आणि गावात ‘मॅडमनी म्हाताऱ्याला सोडलं’ असंही दोघं-तिघं बोलले.

हे बोलणं मनाला लागतं, पण त्यात काहीच तथ्य नाही असंही म्हणता येत नाही. लवकर मोकळं करणं हेसुद्धा पेशंटला वाऱ्यावर सोडणं ठरू शकतं. गरीब पेशंट आहे, फी बुडते आहे, मग ‘आता घरीच करा’ म्हणणं फार सोयीचं असतं. पैसेवाल्याला वर्षभर ओढायचं आणि गरिबाला दहा दिवसांत मोकळं करायचं, हे दोन्ही एकाच दवाखान्यात घडतं. म्हणून कधी थांबायचं हे आपल्या मनावर सोडलेलं चालणार नाही. ते पहिल्या आठवड्यातच कागदावर लिहिलेलं हवं: काय साधायचं आहे, कोणत्या तारखेला बघायचं आहे, आणि तोवर फरक पडला नाही तर काय बदलायचं. कागदाची एक प्रत पेशंटच्या घरी. त्या तारखेला पेशंटलाही विचारता येतं आणि आपल्यालाही उत्तर द्यावं लागतं.

मुलांच्या थेरपीत हा सगळा गुंता कितीतरी पटींनी वाढतो. आईबापांच्या हातात नुकतंच ऑटिझमचं निदान पडलेलं असतं. ‘पाच वर्षांच्या आत केलंत तर होईल, नंतर काही हाती लागणार नाही’ असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. लवकर सुरुवात करावी हे खरंच आहे, पण त्या खऱ्या गोष्टीचा धाक करून तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ विकणं आणि मध्येच सोडलं तर पैसे परत न देणं, याला मी उपचार म्हणणार नाही. प्रोग्रेस रिपोर्टमध्ये ‘नजरेला नजर देणे : ३० टक्क्यांवरून ४५ टक्के’ असे आकडे लिहिले जातात. ते कोणी, कसे मोजले, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. आई मात्र तो कागद फाइलला लावून ठेवते, आजीला दाखवते.

आणखी एक गोष्ट आपण पालकांना सहसा सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला, त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारी सरकारी केंद्रं, आहेत. तिथे थेरपीचे पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, त्यात थेरपीच्या खर्चाचीही सोय आहे. आपल्या सेंटरच्या भिंतीवर यातलं काय लावलेलं असतं? सरकारी केंद्रात गर्दी असते, थेरपिस्टची जागा रिकामी असते, तारीख लांबची मिळते, या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या बघून कुठे जायचं हे पालकांनी ठरवायचं. त्यांना माहितीच द्यायची नाही, हे आपण कोणत्या अधिकाराने ठरवतो?

आणि स्टेम सेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२मध्ये सांगितलं की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणं हे गैरवर्तन आहे. तरीही शेत गहाण टाकून त्यासाठी लाखो रुपये उभे करणारे आईबाप आपल्यासमोर बसतात आणि विचारतात, ‘तुमचं काय मत?’ आपल्यातले बरेच जण म्हणतात, ‘आम्ही डॉक्टर नाही, त्यांनाच विचारा.’ एरवी ‘डॉ.’साठी भांडायचं आणि अशा वेळी मागे सरायचं, हे बरोबर नाही. त्या मुलाला आठवड्यातून तीनदा आपण बघतो. आपण गप्प बसलो, तर पालक त्याचा अर्थ होकारच घेणार.

कटबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र खोटं ठरेल. समजा ४०० रुपयांचं सेशन आहे आणि त्यातले १२० रुपये पेशंट पाठवणाऱ्याला जातात. उरलेल्या २८० रुपयांत भाडं, हप्ता, पगार बसत नाही, मग पाचाचे दहा सेशन होतात. पाठवणाऱ्यालाही दहाच हवे असतात, कारण त्याचा वाटा दरसेशन आहे. म्हणजे पेशंटला लवकर मोकळं करण्यात आता दोघांचं नुकसान. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत असं कमिशन देण्याघेण्याला स्पष्ट मनाई आहे. महाराष्ट्रात २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. त्याचा कायदा झाला नाही.

एकट्याने कट नाकारणं किती महाग पडतं ते मला माहीत आहे. पाकीट बंद केलं की रेफरन्स बंद होतात, आणि ज्याच्यावर कर्ज आहे त्याला मी ‘धाडस कर’ असं लांबून सांगणार नाही. पण एका तालुक्यात आपण असून असून किती असतो? सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, तर पाठवणारा पेशंट पाठवणार कुणाकडे? जे पाठवतात त्यांच्यातही कटला हात न लावणारे डॉक्टर आहेत, मला ते भेटले आहेत. त्यांना आपला आधार होईल.

भरतीच्या पोरांचा पेच वेगळा, त्यात पैशाचा भाग थोडाच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. ॲकॅडमीत महिनोन्‌महिने डांबरावर पळून नडगीचं हाड दुखायला लागतं, बोटाने दाबलं की एका जागी कळ येते. हाडाला चीर असण्याची शंका असते. एक्स-रेमध्ये सुरुवातीला ती दिसतही नाही. मैदानी चाचणी आठवड्यावर आलेली. ‘मॅडम, फक्त टेपिंग करून द्या, तेवढं पळतो, मग तुम्ही म्हणाल तितकी विश्रांती.’ वयाची मर्यादा जवळ आलेली, घरची दोन एकर कोरडवाहू. त्याला टेप न लावता परत पाठवलं तरी तो पळणारच आहे. लावला तर आपल्या हाताने पळायला पाठवलं असं होतं. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की हाडाची शंका असेल तर टेप लावायचा नाही. धोका काय आहे तो त्याच्यासोबत आलेल्या घरच्या माणसासमोर सांगायचा आणि चाचणीपर्यंत पाय कसा वाचवायचा ते शिकवायचं. पण मला आदर असलेल्या एका सहकाऱ्याचं मत याच्या उलट आहे. तो म्हणतो, मुलगा सज्ञान आहे, निर्णय त्याचा. यावर आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. अशी भांडणं आपल्या सभांमध्ये व्हायला हवीत.

मेडिक्लेमसाठी न झालेल्या सेशनच्या पावत्या आणि अपघाताच्या दाव्यासाठी फुगवलेले दाखले यावर फार लिहीत नाही. ते खोटं आहे आणि देऊ नये. मागणारा कितीही ओळखीचा असला तरी.

सगळ्यात जास्त काळजी मला नव्या मुलामुलींची वाटते. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून बाहेर पडलेली मुलगी तुटपुंज्या पगारावर एखाद्या चेनच्या क्लिनिकमध्ये लागते. तिथे तिला दर महिन्याचं पॅकेज विकण्याचं टार्गेट असतं. पेशंट चार सेशनमध्ये बरा होऊन गेला तर ‘का सोडलास?’ अशी विचारणा होते. तिला कळतं की हे बरोबर नाही, पण विचारायचं कोणाला? मालकाला विचारता येत नाही, कॉलेजच्या सरांचा दवाखानाही तसाच चालतो. काही वर्षांनी ती विचारणं सोडून देते.

स्पीच थेरपिस्ट आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदलेल्या इतरांसाठी १९९८ची आचारसंहिता आहे. आपल्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्यात २००२च्या कायद्याने परिषद आली, आणि आता संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याची चौकट आहे. नोंदणी, अभ्यासक्रम, उपाधी यांबद्दल आपण या संस्थांकडे जातोच. तसंच या प्रश्नांसाठीही जाऊया. पॅकेजचे पैसे परत कधी द्यायचे, असिस्टंटने काय करायचं आणि काय नाही, थांबण्याची तारीख कशी लिहायची, हे सोप्या मराठीत, उदाहरणांसह लिहून मागूया. आणि त्या नवीन मुलीला नाव उघड न होता सल्ला विचारता येईल अशी एक जागा मागूया. शिक्षा करणारी समिती लागेल तेव्हा लागेल, आधी ऐकून घेणारं कोणीतरी हवं.

आमच्या जिल्ह्यातल्या थेरपिस्टच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. कट न देण्याचा लेखी करार करायचा, ज्यांची तयारी आहे त्यांनी त्याच दिवशी सही करायची. उपचाराची योजना आणि फेरतपासणीची तारीख लिहिलेल्या एका पानाचा मराठी नमुना मी माझ्या दवाखान्यात वापरते, तो सगळ्यांना देणार आहे. वापरा, खोडा, सुधारा. तुमच्या जिल्ह्यात असा विषय मांडणार असाल तर आधी तुमच्या गावातल्या इतर थेरपिस्टना फोन करा, विशेषतः ज्यांच्याशी आपण बोलत नाही त्यांना. माझ्या गावातल्या तिघांना मी केला आहे. दोघांनी येतो म्हटलं आहे. तिसऱ्याने ‘बघू’ म्हटलंय, त्याला बैठकीच्या आधी पुन्हा करीन.

आपली,
तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारी एक फिजिओथेरपिस्ट